पंधरा हर्ट्‌झवर मोटर एवढी का तापते?

प्रश्न
कोल्हापुरात आमची लहान फाउंड्री आहे. वाळूच्या कन्व्हेयरला साडेसात एचपीची, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएमची मोटर असून तिला नुकताच व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवला. पट्टा सावकाश चालावा म्हणून ती १५ ते २० हर्ट्‌झवर ठेवतो. करंट ११ अँपिअरच्या आत असतो, तरीही तासाभरात बॉडीला हात लावता येत नाही. धुळीच्या ब्लोअरची तेवढीच मोटर मात्र ३५ हर्ट्‌झवर दिवसभर चालूनही तापत नाही. भरलेला पट्टा उचलत नव्हता, म्हणून टॉर्क बूस्ट (कमी वेगात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवण्यासाठी दिलेले जादा व्होल्ट) १० टक्के केला आहे. मोटर बदलावी का?

उत्तर १
मोटर बदलू नका. तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. १५ हर्ट्‌झला शाफ्ट मिनिटाला जेमतेम ४०० फेरे घेतो, त्यामुळे वारा जवळजवळ लागतच नाही. ब्लोअरला लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार घटते, म्हणून ३५ हर्ट्‌झवर ती साधारण एक तृतीयांश उरते. पट्ट्यावरची वाळू मात्र वेग कमी केला तरी तेवढीच ओढावी लागते, म्हणजे टॉर्क आणि करंट तसेच राहतात. वेग कायम इतकाच हवा असेल, तर गिअरबॉक्सपुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) बदलून रिडक्शन (वेग घटवण्याचे प्रमाण) अडीचपट करा. मग मोटर ३७ ते ५० हर्ट्‌झवर चालेल, वारा मिळेल आणि तिच्यावरचा ताणही उतरेल. ते जमत नसेल, तर मागे स्वतंत्र वायरिंगचा कूलिंग फॅन बसवा.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण मला बूस्टचा आकडा जास्त खटकतो. ४१५ भागिले ५० म्हणजे दर हर्ट्‌झला ८.३ व्होल्ट, म्हणजेच १५ हर्ट्‌झला सुमारे १२५ व्होल्ट पुरेसे असतात. बूस्टने त्यावर आणखी व्होल्ट चढले, की मोटरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि मोटर रिकामी असतानाही करंट खाते. चेन काढून १५ आणि ५० हर्ट्‌झचा नो-लोड (भार नसतानाचा) करंट मोजा. पंधराचा जास्त आला, तर बूस्ट उतरवा. ड्राइव्हमध्ये व्हेक्टर मोड (भारानुसार टॉर्क सांभाळणारी पद्धत) असल्यास नेमप्लेटचे आकडे भरून ऑटो-ट्यूनिंग करा (ड्राइव्ह मोटरचे गुणधर्म स्वतः मोजून घेतो), म्हणजे भरलेला पट्टा बूस्टशिवायही उचलेल.

प्रश्नकर्ता
आज चेन काढून मोजले: ५० हर्ट्‌झला ४.६ आणि १५ हर्ट्‌झला ७.२ अँपिअर. ऑटो-ट्यूनिंगनंतर १५ हर्ट्‌झचा करंट ४.७ वर आला असून पट्टा भरलेला असतानाही विनातक्रार सुरू होतो. बॉडी अजून गरम होते, पण पूर्वीइतकी नाही. स्प्रॉकेट करायला टाकले आहे.