एनडीएची यादी ऑक्टोबरात, कॉलेजची फी मात्र ऑगस्टमध्येच?

मुक्ता_सातारा
माझा भाचा एनडीएच्या (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) एप्रिलच्या परीक्षेतून ऑगस्टच्या सुरुवातीला एसएसबीत, म्हणजे सैन्याच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीत, रेकमेंड झाला. महिनाअखेर मेडिकलही फिट. पेढे वाटून होताहेत तोवर सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीत त्याला पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग मिळालं. आता घ्यायचं की सोडायचं?

यूपीएससीची अंतिम यादी साधारण ऑक्टोबरात लागते आणि कोर्स जानेवारीच्या सुरुवातीला खडकवासल्यात सुरू होतो. एनडीएच्या जागा ३७० (लष्कर २०८, नौदल ४२, हवाई दल १२०), वर एझिमलाच्या नौदल अकादमीच्या थोड्या. यादीत मात्र नावं सहाशेच्या वर. म्हणजे यादीत नाव आलं तरी जॉइनिंग लेटरची खात्री नाहीच. बहिणीने फी भरली. पोरगा सेमिस्टरभर वर्गात बसला, डिसेंबरात पत्र आलं, तेव्हा कॉलेज म्हणालं मुदत संपली, फी विसरा. (कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

माझं मत: एप्रिलच्या बॅचची यादी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागली पाहिजे. लेखीचा निकाल मे महिन्यात लागतो, मग पुढचे पाच महिने कशाला? सप्टेंबरच्या परीक्षेवाल्यांची यादी एप्रिलात लागते आणि कोर्स जुलैत. त्यांच्या वाट्याला हा घोळ येत नाही.

जुना_कॅडेट
असहमत, ताई. लेखी पास झालेली पोरं हजारोंनी असतात. एसएसबीच्या पहिल्या दिवशी स्क्रीनिंगमध्ये बरीचशी परत जातात हे खरं, पण उरलेल्यांवर सायकॉलॉजिस्ट, जीटीओ (गटात कामं देऊन पारखणारा अधिकारी) आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघं वेगवेगळे खपतात आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. ही माणसं रातोरात दुप्पट करता येत नाहीत.

शिवाय मेडिकल. मी स्वतः नाकाच्या वाकड्या पडद्यामुळे टेम्पररी अनफिट होतो. ऑपरेशन केलं, जखम भरली, मग अपील बोर्डापुढे फिट झालो. तुमच्या सप्टेंबरच्या घाईत मी आज बँकेत असतो.

मुक्ता_सातारा
दादा, यादी मेडिकल बघून लावतच नाहीत! वैद्यकीय तपासणीचे निकाल गृहीत धरलेले नाहीत, असं यूपीएससी यादीबरोबरच्या पत्रकात स्पष्ट लिहिते. तुमचं नाक आणि यादीची तारीख यांचा संबंध काय?

जुना_कॅडेट
हे बरोबर, चूक मान्य. पण मग लवकर यादी घेऊन तरी करणार काय? माझा नंबर चारशेच्या पुढे होता. वरचे किती अनफिट ठरतात, किती जण येतच नाहीत, यावर माझं पत्र लटकलेलं. तुमच्या भाच्याला सप्टेंबरात यादी दिसली असती तरी पत्र डिसेंबरातच आलं असतं. म्हणजे धाकधूक तीच, फक्त आकड्यासकट.

गणिताचे_सर
सप्टेंबरची बॅच सुखी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? बारावीत असताना ती परीक्षा देणाऱ्यांना एसएसबीचं बोलावणं अनेकदा जानेवारी-फेब्रुवारीत येतं. इकडे प्रॅक्टिकल, मग बोर्ड. लष्कराच्या पोर्टलवर तारीख निवडता येते, पण सोयीच्या तारखा आधी भरतात. माझी एक विद्यार्थिनी भोपाळहून रात्रीच्या गाडीने उतरली आणि थेट केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभी राहिली.

मात्र वेळापत्रक हलतच नाही, हे मला पटत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे दोन्ही परीक्षा एकत्र करून ६ सप्टेंबरला घेतल्या. २०२१ मध्ये मुलींना मे २०२२ पासून बसू देऊ असं सरकार म्हणत होतं, सुप्रीम कोर्टाने थांबायला नकार दिला आणि मुली १४ नोव्हेंबरच्याच परीक्षेला बसल्या. कोणीतरी मागे लागलं की यंत्रणा हलते.

रिचमंडकर
इथे अमेरिकेत ॲनापोलिस (नौदल अकादमी) आणि वेस्ट पॉइंटची (लष्करी अकादमी) तऱ्हा निराळी. निर्णय टप्प्याटप्प्याने येतात. काहींच्या हाती शरद ऋतूतच 'लेटर ऑफ अश्युरन्स' पडतं (प्रवेशाच्या हमीचं पत्र, तेही मेडिकल आणि नॉमिनेशनच्या अटीवर), काही जण एप्रिलपर्यंत ताटकळतात. पण होकार-नकार कळवायची तारीख १ मे, आणि बहुतेक साध्या कॉलेजांचीही तीच. शेजाऱ्यांच्या मुलाने सगळी पत्रं जेवणाच्या टेबलावर मांडून एकच निवडलं. उशीर तिथेही होतो, पण सगळ्यांची घंटा एकदम वाजते.

दोनदा_स्क्रीनआउट
नॉमिनेशन म्हणजे खासदाराचं ना? आपल्याकडे खासदाराच्या चिठ्ठीवर एनडीए? नको रे बाबा, आहे तो उशीर गोड मानून घेतो.

बाकी मुद्दा पटला. मग यूपीएससीच्या मागे कशाला लागता, फी परतीची तारीख हलवा की. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत सोडल्यास पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची परत द्यायला सांगितलं होतं. इंजिनिअरिंगच्या मुदती वेगळ्या असतील, पण जॉइनिंग लेटर दाखवणाऱ्यासाठी ३१ डिसेंबर करायला काय हरकत आहे? अशी मुलं एका कॉलेजात असून असून किती, एक नाहीतर दोन.

खिडकी_क्रमांक_३
मी एका कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीत बसतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. डिसेंबरात सीट रिकामी झाली तर ती भरायला कॅप फेरी उरलेली नसते. सैन्यात जाणाऱ्याला सूट दिली की उद्या परदेशी जाणारा येईल, परवा 'नीट'ची परीक्षा पुन्हा देणारा.

मुक्ता_सातारा
परदेशी जाणारा आणि खडकवासल्याला जाणारा एकाच रांगेत? आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाले घेता ना तुम्ही?

खिडकी_क्रमांक_३
घेतो. पण पहिल्या वर्षाचे पैसे त्यात भरून निघत नाहीत. सरकारने ते द्यावेत, मी त्याच दिवशी चेक काढतो.

गणिताचे_सर
हे मात्र सुचवण्यासारखं आहे. मुलांना सैन्यात पाठवण्यासाठी राज्य सरकार १९७७ पासून संभाजीनगरला एसपीआय (सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था) चालवतं, मुलींसाठी आता नाशिकलाही आहे. तिथे दोन वर्षं खर्च करतात, तर शेवटच्या चार महिन्यांची फी त्यात बसेल. ताई, निवेदन लिहिणार असाल तर यादीची तारीख मागू नका, हे मागा.

मुक्ता_सातारा
दोन्ही मागणार आहे.

दोनदा_स्क्रीनआउट
मी येत्या एप्रिलला पुन्हा बसतोय. यंदा इंजिनिअरिंग घेतलंच नाही, गावातल्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलंय, फी साडेआठ हजार. गेली तर गेली. सर, स्क्रीनिंगच्या पीपीडीटीत चित्र बघून लिहायच्या गोष्टीत हिरोचं वय किती लिहायचं असतं हो?