कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ घरच्या घरी काढता येईल का?

प्रश्न : नागपूरच्या फुटाळा तलावावर वाऱ्यात लेन्स बदलल्यापासून माझ्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या प्रत्येक छायाचित्रात, विशेषतः आकाशात, एकाच जागी काळसर ठिपका दिसतो. घरगुती उपाय आहे का?

उत्तर १ : दुसऱ्या लेन्सनेही ठिपका तिथेच दिसला, तर धूळ सेन्सरवर, म्हणजे लेन्समागे प्रकाश टिपणाऱ्या भागावर आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतील हाताने सेन्सर-सफाई करण्याचा (आतला आरसा वर उचलणारा) पर्याय निवडावा, लेन्स काढावी, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे आणि कान धुण्याच्या नव्या रबरी पिचकारीने, आतली भुकटी आधी बाहेर दाबून काढून, टोक आत न घालता हवा मारावी. कूलर बंद ठेवावा, हे नागपूरकरांना सांगायलाच हवे.

उत्तर २ : तोंडाने फुंकर मात्र मारू नये, थुंकीचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता : ठिपका गेला. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक ठेवून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून खात्री केली.