मदत हवी आहे: मे महिन्यात टॉवस पॉइंट आणि मायोच्या जॅक पाइन जंगलात पक्षी बघायला, सोबत आई-बाबा

नोव्हीकर

नमस्कार. मेच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर मिशिगनमधल्या पक्षी महोत्सवाला जायचं ठरलंय. ईस्ट टॉवसला गुरुवार ते रविवार, तीन रात्री मुक्काम. सोबत आई-बाबा, वय ६८ आणि ७२, नाशिकहून आलेत. बाबांना सवय नांदूर मध्यमेश्वरची, म्हणजे बदकं, करकोचे, शेकाट्या, सगळं ट्रायपॉडवर स्कोप लावून निवांत. झाडांतले टीचभर पक्षी त्यांना नवीन. आईचे गुडघे दुखतात, सलग दीड किलोमीटरच्या वर चालणं नको.

प्रश्न असे: बाबांची १०x५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण चालेल की नवी घ्यावी? कर्टलंड्स वॉर्ब्लर हा दुर्मीळ, टीचभर पक्षी दिसावा म्हणून सहल कोणत्या दिवशीची घ्यावी? गोचिडींचं ऐकून आई घाबरली आहे, त्याचं काय करायचं? आणि कपडे, खाणं वगैरे. महोत्सवाच्या नोंदणीच्या पानावर पंचवीसेक सहली आहेत आणि सगळ्याच छान वाटतायत.

दयाळ

पंचवीस विसरा, तीन घ्या. एक मायोची कर्टलंडची सहल, एक टॉवस पॉइंटवरची सकाळ, एक संध्याकाळची वुडकॉक पक्ष्याची. बाकी वेळ मोकळा ठेवा. उत्तरेच्या जंगलात वसंत म्हणजे तीन-चार तासांचा खेळ असतो, सूर्योदय ते साधारण साडेनऊ. त्यानंतर पक्षी गप्प आणि माणसं पेंगुळलेली.

मायो शुक्रवारी, म्हणजे पहिल्याच दिवशी ठेवा. जोराचा वारा किंवा पाऊस असला तर नर गात नाहीत, आणि गायले नाहीत तर तुम्हाला दिसत नाहीत. पहिला दिवस फुकट गेला तर शनिवार-रविवार हातात राहतो. सहलीच्या बसमध्ये जागा संपल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घाला, आदल्या दोन दिवसांत बरेच जण गळतात.

ऑसेबलकाठ

कर्टलंडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की कुठे उभं राहायचं तेही कळतं.

हा पक्षी जमिनीवर घरटं करतो, तेही कोवळ्या जॅक पाइनच्या खाली, जिथे खालच्या फांद्या अजून मातीला टेकलेल्या असतात. झाडं साधारण ५ ते २० वर्षांची हवीत. मोठी झाली की खालच्या फांद्या वाळतात, घरट्याचा आडोसा जातो आणि पक्षीही जातो. जमीन रेताड हवी, कारण पाणी साचलं तर घरटं बुडतं. जॅक पाइनची शंकूफळं राळेने घट्ट मिटलेली असतात आणि ती वणव्याच्या उष्णतेने उघडतात. म्हणजे वणवे विझवायला लागल्यावर कोवळं जंगल तयार होणंच थांबलं.

मुद्दाम आग लावून बघितली, त्याचं काय झालं तेही ऐका. ५ मे १९८० ला मायोजवळ मॅक लेकला लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली, सुमारे २४,००० एकर जंगल जळलं, ४४ घरं-इमारती गेल्या, एक वनकर्मचारी मृत्युमुखी पडला. गंमत म्हणा की क्रूर थट्टा, पुढे त्याच जळालेल्या पट्ट्यात या पक्ष्याची संख्या वाढली. आता मोठी झाडं तोडून, मध्ये मोकळ्या जागा सोडून नवी रोपं लावतात. त्यामुळे तिथे गेल्यावर 'हे कसलं जंगल, ही तर ख्रिसमसच्या झाडांची बाग' असं वाटेल. तेच बरोबर ठिकाण. भव्य, उंच, सावलीचं जंगल दिसलं तर समजा रस्ता चुकलात.

दुसरी भानगड काऊबर्ड पक्ष्याची. आपल्याकडे पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, तसा हा कर्टलंडच्या घरट्यात घालायचा. १९७४ आणि १९८७ च्या गणनेत गाणारे नर फक्त १६७ भरले होते. काऊबर्ड पकडायला १९७२ मध्येच सुरुवात झाली होती. लागवड वाढली तेव्हा कुठे आकडा चढला, २०२१ ला २,२४५ जोड्यांवर गेला. २०१९ मध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीतून बाहेर आला, पण विणीच्या पट्ट्यात पाऊल टाकायला बंदी आहे, तशा पाट्या दिसतील. रस्त्यावरूनच बघायचं. मोबाइलवर त्याचं गाणं वाजवायचं नाही; नर बिचारा जागा सोडून भांडायला येतो.

ओळख: पाठ निळसर राखाडी, पोट पिवळं, कुशीला काळ्या रेघा, डोळ्याभोवती तुटक पांढरं कडं. आणि शेपटी सतत वर-खाली. फक्त शेपटीवर जाऊ नका. पाम वॉर्ब्लरही तशीच हलवतो आणि त्याच माळावर असतो, पण त्याची टोपी तांबूस आणि पाठ तपकिरी. मॅग्नोलिया वॉर्ब्लरच्या पोटावरही पिवळ्यावर काळ्या रेघा असतात, पण त्याच्या पंखांवर ठसठशीत पांढरं असतं आणि शेपटी तो अशी हलवत नाही. कर्टलंडचं गाणं या कुळातल्या मानाने खालच्या पट्टीतलं, खणखणीत, बुडबुडे फुटल्यासारखं, शेवटाकडे चढत जाणारं. झाडाच्या शेंड्यावर बसून गातो, म्हणून बाबांचा स्कोप असेल तर इथे आणाच. झाडं माणसाच्या उंचीच्या आसपासची, मान वर करावी लागत नाही. आईला गाडीपासून शंभर पावलंसुद्धा चालायला नको.

पाणकोंबडी

दुर्बिणीबद्दल. १०x५० ने टॉवसला हाल होतील. वॉर्ब्लर एका फांदीवर दोन सेकंद टिकत नाही, त्याला पकडायला दृष्टिक्षेत्र रुंद हवं. ८x४२ मध्ये १००० मीटरवर १३०-१४० मीटर दिसतं, १०x५० मध्ये बरंच कमी. शिवाय जुन्या धाटणीच्या १०x५० ला पाच-सात मीटरच्या आतलं फोकस होत नाही, आणि टॉवसला पक्षी तीन मीटरवरच्या झुडपात असतात. उजेड वगैरेत फरक नाही, डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी जवळपास सारखीच: ५० भागिले १० म्हणजे ५ मिमी, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच.

नवी घेऊ नका, महोत्सवात दुर्बीण कंपन्यांचे स्टॉल असतील तर तिथे दिवसभर वापरायला मिळते का विचारा. बाबा चष्मा लावत असतील तर रबरी कप पूर्ण खाली करा आणि नेत्र-अंतर (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) १६ मिमीच्या वर आहे ना बघा, नाहीतर काळ्या कडा दिसत राहतात. आणि घरीच जुळवून घ्या: उजवी बाजू हाताने झाका, मधल्या चाकाने दूरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता फक्त उजव्या बाजूची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी कुठे आली ते लक्षात ठेवा. 'मला दुर्बिणीतून नीट दिसतच नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांची ही कडी हललेली असते.

सड्यावरचा

> १०x५० ने टॉवसला हाल होतील

टॉवसला हो, मायोला नाही. शेंड्यावर बसून गाणारा पक्षी, मोकळा माळ, तिथे दहा पट उत्तम. दोन्ही न्या.

गोचिडी. घाबरायचं नाही, पण हलक्यातही घ्यायचं नाही. पँटचे पाय मोज्यात खोचा, फिके कपडे घाला म्हणजे चढणारी दिसते. ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा बूट, मोजे आणि पँटवर आदल्या दिवशी बाहेर उघड्यावर मारा आणि पूर्ण वाळू द्या. अंगावर लावायचं नाही. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांजवळ येऊ देऊ नका, तिला ते विषारी असतं. उघड्या कातडीला २० ते ३० टक्के डीट (किडे पळवणारं औषध). डीटचे हात दुर्बिणीला लावू नका, रबर आणि प्लास्टिक विरघळतं.

रोज रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश हे उपाय नकोत, त्याने ती उलट जास्त लाळ सोडते. तारीख लिहून ठेवा. २४ तासांच्या आत काढली तर लाइमचा (गोचिडीतून होणारा आजार) धोका फार कमी. पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना तारीख सांगा. आई-बाबा तोवर नाशिकला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना 'मिशिगनमध्ये गोचीड चावली होती' हे आपणहून सांगायला हवं, तिकडे हा आजार सहसा मनात येत नाही.

खरा वैताग मात्र काळ्या चिलटांचा. वाहत्या ओढ्याजवळ, दिवसा, केसांच्या रेषेत आणि कानामागे चावतात. टोपीवरून घालायची जाळी स्वस्तात मिळते, तीन घ्या.

दयाळ

कपडे: पहाटे ३-४ अंश, दुपारी २० च्या वर, असं एकाच दिवसात होतं. टॉवसला ह्युरॉन सरोवरावरून वारा आला तर मायोपेक्षा खूपच गार. पातळ थर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. 'मे आहे, उन्हाळा आहे' हे आई-बाबांच्या डोक्यातून आधी काढा.

खाणं: बस पहाटे पाचच्या आसपास निघते, हॉटेलचा नाश्ता सहा-सातला उघडतो. दशम्या किंवा धपाटे, लोणचं, थर्मासमध्ये चहा. मायोच्या आसपास वाटेत शाकाहारी म्हणजे बटाटा, हे गृहीत धरा.

रस्ता: आय-७५ ने स्टँडिश, तिथून यूएस-२३. नोव्हीहून पावणेतीन-तीन तास. संध्याकाळी आणि पहाटे हरणं रस्त्यावर येतात. आलं तर ब्रेक लावा, गाडी वळवू नका. टॉवस पॉइंट राज्य उद्यान आहे, नंबरप्लेटच्या स्टिकरवर 'पी' (उद्यानांचा पास भरल्याची खूण) नसेल तर दारात पास घ्यावा लागेल.

नोव्हीकर

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप घेतलंय. बाबांना ऐकू थोडं कमी येतं, ॲपवर भरवसा ठेवू का?

पाणकोंबडी

इशारा म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नाही. त्या भागाचा पॅक घरीच वायफायवर उतरवून घ्या, मायोच्या जंगलात नेटवर्क मिळेलच असं नाही. ॲपने नाव दाखवलं की तो पक्षी डोळ्यांनी शोधा, नाही सापडला तर यादीत लिहू नका. वाऱ्यात आणि लोक बोलत असताना ते हमखास चुकतं.

वय झाल्यावर उंच पट्टीतले आवाज आधी जातात. त्यामुळे ब्लॅकबर्नियन वॉर्ब्लरचं गाणं बाबांना ऐकूच येणार नाही कदाचित, पण ओव्हनबर्डचं 'टीचर-टीचर-टीचर' आणि कर्टलंडचं नक्की येईल. पावशाचं 'पेरते व्हा' एकदा कानात बसलं की विसरत नाही, तसंच हे. जायच्या आधी पाचच आवाज पाठ करा: ओव्हनबर्ड, यलो, चेस्टनट-साइडेड, ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन, कर्टलंड. आणि बाबांना सांगा, यांना इथे वॉर्ब्लर म्हणत असले तरी आपल्या वटवट्यांशी यांचं जवळचं नातं नाही, कुळच वेगळं. आपल्याकडचे वटवटे ओळखताना होणारी चिडचिड इथे होणार नाही, नर चांगले रंगीबेरंगी असतात.

नोव्हीकर

शेवटचा प्रश्न. शुक्रवारची मायोची बस मिळाली. पण आता अंदाज बघितला तर गुरुवारी रात्रभर दक्षिणेचा वारा आणि शुक्रवारी पहाटे पाऊस, आठनंतर उघडीप. जावं का?

ऑसेबलकाठ

मायोला नको. टॉवसला जा!

हे पक्षी रात्री उडतात. दक्षिणेचा वारा पाठीशी मिळाला की हजारोंनी निघतात, आणि पहाटे सरोवरावर असताना पाऊस लागला की पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात. टॉवस पॉइंट म्हणजे पाण्यात घुसलेली वाळूची चिंचोळी जीभ, त्यावर ठेंगणी झुडपं. ते सगळे तिथेच येऊन बसणार, भुकेले, डोळ्यांच्या उंचीवर. रात्री बर्डकास्टवर (रडारवरून पक्ष्यांचं स्थलांतर दाखवणारी वेबसाइट) रडारचा आकडा बघा, चढता असेल तर खात्रीच.

कर्टलंड कुठे पळत नाही, आपली हद्द धरून जूनअखेरपर्यंत गातो. बसवाल्यांना आजच फोन करून शनिवार किंवा रविवारची अदलाबदल मागा. नाही मिळाली तर रविवारी स्वतःच्या गाडीने मायोला जा, टॉवसहून तासभर ते सव्वा तास, सातच्या आत पोचा.

शुक्रवारी पाऊस थांबायच्या आधीच पॉइंटच्या वाहनतळावर गाडीत बसून राहा. थांबला की वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची झुडपं धरा. टोकापर्यंत चालायची गरज नाही, पुढे वाळूत पाय रुततात. आईसाठी घडीची खुर्ची टाका, झुडपापासून चार-पाच मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन. हलायचं नाही, पक्षी समोरून जातील. आणि १०x५० गाडीतच राहू द्या.