फ्रेंचांचं सायकलप्रेम आणि पावप्रेम: प्रेम कसलं, नियम म्हणा!

लुगदूनकर

मावशीने परवा व्हॉट्सॲपवर चित्र पाठवलं. टोपलीवाली सायकल, टोपलीत बगेत, म्हणजे लांबडा फ्रेंच पाव, मागे आयफेल टॉवर. खाली 'जगावं तर फ्रेंचांसारखं!' फ्रान्समधल्या लियाँमध्ये नऊ वर्षं काढल्यावर मला हे चित्र बघवत नाही. हे प्रेमबिम काही नाही, सगळा नियमांचा आणि रस्त्यातल्या जागेचा खेळ आहे.

लियाँत भाड्याच्या सार्वजनिक सायकली २००५ मध्ये आल्या, पॅरिसात २००७ मध्ये. आमच्या क्रुआ-रूस टेकडीखालून पावणेदोन किलोमीटरचा नवा बोगदा २०१३ साली उघडला, त्यात खासगी गाड्यांना मज्जाव. तेव्हापासून मी ऑफिसला सायकलने जातो. त्याआधी टेकडीकडे बघूनच धाप लागायची. पॅरिसने २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, रिव्होली रस्त्यावरून खासगी गाड्या हटवल्या. २०२४ च्या एका पाहणीत शहराच्या आतल्या फेऱ्यांपैकी ११ टक्क्यांवर सायकलने आणि जेमतेम ४ टक्के गाडीने असं निघालं. वीस वर्षांपूर्वी हीच मंडळी गाडीत बसून हॉर्न बडवत होती. मनं बदलली नाहीत, रस्ते बदलले.

पावाचं तेच. 'त्रादिसियाँ' म्हणून विकायचा पाव कुठल्याही टप्प्यावर गोठवायचा नाही, हा १९९३ चा आदेश. पाव तिथेच मळून भाजत नसाल तर दुकानावर 'बुलांजरी' (बेकरी) ही पाटी लावायची नाही, हा १९९८ चा कायदा. आणि सगळ्यात भारी म्हणजे पॅरिसमधल्या बेकऱ्यांनी उन्हाळ्यात एकदम सुट्टीवर जायचं नाही. कोणी जुलैत जायचं, कोणी ऑगस्टमध्ये, हे २०१५ पर्यंत सरकारी कचेरी ठरवायची! आपल्याकडे दूधवाल्यांनी गणपतीला पाळीपाळीने गावी जायचं, असा फतवा काढून बघा.

अर्धा कप

सपशेल असहमत. कायदे काय आभाळातून पडतात? ऑक्टोबर १७८९ मध्ये पावासाठी बायका पॅरिसहून व्हर्सायपर्यंत पावसात चालत गेल्या आणि राजाला उचलून घेऊन आल्या. अशा लोकांवर राज्य करायचं तर पावाची काळजी घ्यावीच लागते.

मी पॅरिसात दोनच वर्षं होते. बेकरी ते घर चार मिनिटं, आणि बगेतचं टोक कधी घरापर्यंत पोचलं नाही. ते वाटेतच मोडून खायचं असतं. सूटबूटवाले खातात, शाळकरी पोरं खातात, पाठीला पोक आलेल्या आज्याही खातात. हे कुठल्या कलमाखाली येतं, लुगदूनकर?

राईनकाठ

दोघांनाही विनंती, जरा शहराबाहेर पडा. २०१५ च्या सरकारी आकडेवारीत सायकलने कामावर जाणारे फ्रेंच होते २ टक्के. आमच्या स्ट्रासबुर्गला १६ टक्के, कारण शहर सपाट आणि पूल ओलांडला की जर्मनी. म्हणजे जो काही फ्रेंच सायकलस्वार आहे तो अर्धा जर्मनच!

माझा सहकारी तीस किलोमीटरवरच्या खेड्यातून येतो, गाडीशिवाय इलाज नाही. गावातली बेकरी बंद पडली, तिथे आता मशीन आहे. नाणी टाका, बगेत घ्या. इंधनावरचा कर वाढणार म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून चौकाचौकात बसले ते हेच लोक. रिव्होलीवर गाडी बंद झाल्याच्या बातम्या माझा हा सहकारी कशा वाचत असेल, विचार करा.

पंक्चरवाला

शहरातलेही सगळे खूश नाहीत हो. आई आली होती पॅरिसला. सेबास्तोपोल बुलवारवर सायकलींचा लोंढा असा की ती फुटपाथच्या कडेला पदर खोचून उभी, 'अरे, यांना सिग्नल नाही का?' गाड्या थांबल्या, सायकली चालूच.

लुगदूनकर

@पंक्चरवाला, सिग्नलखाली छोटा त्रिकोण असतो, त्यात पिवळी सायकल आणि बाण. तो असला की लाल दिव्यालाही बाणाच्या दिशेने जायची मुभा असते.

पंक्चरवाला

मुभा आहे, पण पायी जाणाऱ्याला आधी वाट देऊन! ते अर्धं वाक्य कोणी वाचत नाही. तुम्हीही नाही वाचलंत.

चकली अजून तेलात

थोडं अवांतर. लुगदूनकरांचा कायदा पावापुरता आहे. क्रुआसाँ (पापुद्र्यांचा खुसखुशीत पाव) कारखान्यातून गोठवलेला आणून दुकानात नुसता भाजला तरी चालतो. खूण सांगते: सरळ असेल तर बहुधा लोण्याचा, चंद्रकोरीसारखा वाकलेला असेल तर मार्गारिनचा. आणि मुळात तो व्हिएन्नाचा. चालू द्या.

भरतीओहोटी

नाशिकहून लिहितोय. २०२३ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस केली, म्हणजे सायकलवरून पॅरिसहून पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रेस्तला जाऊन परत. दर चार वर्षांनी असते. १२०० किलोमीटरहून जास्त अंतर, वेळ ९० तास. आधी २००, ३००, ४०० आणि ६०० च्या राइड्स वेळेत पुऱ्या कराव्या लागतात, त्या आम्ही इकडेच करतो. ही १८९१ ची जुनी शर्यत, आणि तिच्यासाठी १९१० मध्ये पॅरिसजवळच्या एका हलवायाने चाकासारखा गोल केक काढला, मध्ये प्रालिनचं, म्हणजे साखरेत परतलेल्या सुक्या मेव्याचं क्रीम. नाव पारी-ब्रेस्त. सायकल आणि गोडधोड एकाच वस्तूत हवं असेल तर हे घ्या.

पण सांगायचं वेगळंच आहे. दुसऱ्या रात्री फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात, तीनच्या सुमाराला, डोळे मिटत होते. वळणावर एका घरापुढे टेबल, त्यावर कंदील, थर्मास, कापून ठेवलेला केक. ब्लँकेट गुंडाळून एक मुलगी बसलेली. पैसे काढले तर हात मागे घेतला. पुढच्या गावात परत तसंच टेबल. रस्ता साधाच, सायकलची वेगळी लेन नाही, आणि हे राईनकाठ म्हणतात तसलंच गाडीवर जगणारं खेडं. या टेबलांचा नियम कुठला, लुगदूनकर?

अर्धा कप

+१

लुगदूनकर

टेबलांचं उत्तर माझ्याकडे नाही. शहरांबद्दलचं म्हणणं सोडत नाही. पारी-ब्रेस्त मिळाला का शेवटी?

भरतीओहोटी

मिळाला, शर्यत संपल्यावर दुसऱ्या दिवशी. गुडघे वाकत नव्हते, बोटांना संवेदना नव्हती, बाईंनी सुटे माझ्या तळहातावरून स्वतःच मोजून घेतले. दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ला आणि उठताच येईना. मग तिथेच बसून अजून एक मागवला.