टेंडरआधी भेटलं की लगेच 'सेटिंग'?

रॉकव्हिलकर : परवा या फोरमवर कुणीतरी अमेरिकी सरकारच्या कंत्राटांबद्दल ठोकून दिलं, 'आरएफपी (प्रस्ताव मागवणारं टेंडर) निघण्याआधी सीओने (कंत्राट देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) व्हेंडरला भेटणं म्हणजे सेटिंग.' डोकंच फिरलं. अहो, एफएआर, म्हणजे सरकारी खरेदीची नियमावली, स्वतःच सांगते, आधी बाजाराशी बोला. 2011 मध्ये व्हाइट हाउसच्या खरेदी धोरण कार्यालयाने हा गैरसमज खोडायला खास पत्रक काढलं होतं. तरी दारं बंदच. मागे एका आरएफपीत आम्ही विचारलं, 'जुना डेटा किती आहे?' लेखी उत्तर : 'विभाग सी पाहा.' विभाग सीमध्ये, म्हणजे कामाच्या वर्णनात, एकच ओळ : 'जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणावा.' लावा आता यावर फिक्स्ड प्राइस, म्हणजे न बदलणारी किंमत! ज्याने डोळे मिटून कमी लावली त्याला काम मिळालं, आणि पुढे तोच मॉडिफिकेशनसाठी, म्हणजे करार बदलून वाढीव पैशांसाठी, रडत बसला.

दोन_टूक : भेटा की! डार्लीन ड्रूयनबाईही भेटायच्याच. इकडे हवाई दलासाठी टँकर विमानांचा सौदा, तिकडे बोइंगमध्ये स्वतःच्या नोकरीची बोलणी. 2004 मध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

रॉकव्हिलकर : त्या नोकरी मागत होत्या, मी डेटा विचारतोय. फरक कळतो का?

फेअरफॅक्सची माई : मी टेबलाच्या पलीकडे, सरकारच्या बाजूला बसते, म्हणून सांगते. एकाला भेटलं की हरलेला उठून प्रोटेस्ट (निवडीविरुद्ध तक्रार) करतो. तक्रार ऐकणारं जीएओ, म्हणजे संसदेचं लेखापरीक्षण कार्यालय, 100 दिवस घेऊ शकतं, तोवर काम बहुतेक वेळा ठप्प. तुम्हाला 'माहिती' हवी असते म्हणे! मीटिंगमध्ये चाळीस स्लाइड्स स्वतःच्या कौतुकाच्या, आणि 'आमच्या गरजेचं काय?' म्हटलं की वेळ संपलेली.

भोसरीकर : गप्पा राहू द्या, पैसे कधी मिळतात ते सांगा. आमच्याकडे भारतात लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवस लिहिलेत. लिहिलेत.

माई : इथे अमेरिकेत साधारण 30 दिवस. उशीर झाला तर सरकार व्याज देतं.

सबचा_सब : प्राइमला, म्हणजे मुख्य कंत्राटदाराला देतं हो! आम्ही सब, त्याच्या हाताखालचे. आमचा प्राइम म्हणतो, 'वरून आले की देतो.' आणि 2018-19 चं शटडाउन (निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद) विसरलात? 35 दिवस. माईंसारख्यांना मागाहून पूर्ण पगार मिळाला, कायदाच झाला तसा. आमच्या साइटला कुलूप आणि माझी सगळी रजा त्यातच संपली. त्यानंतरचे बिनपगारी दिवस कुणी भरून दिले?

माई : मी घातलं होतं का कुलूप? आम्हीही तेव्हा हप्ते थकवून बसलो होतो.

सबचा_सब : थकवलेत ना? मग भरलेतही. आमचे बुडाले.

दोन_टूक : प्राइम निवडताना बघायचं होतं. धंदा आहे, सरकारी नोकरी नाही.

सबचा_सब : तुम्ही कधी टाइमशीट भरलंय का हो? की नुसतं ज्ञान?

रॉकव्हिलकर : मंडळी, धागा कशावर होता?

माई : तुमच्या डेटावर. बरं, एवढं मान्य : 'विभाग सी पाहा' हे उत्तर आळशीपणाचं होतं. पण एकट्याला भेटणार नाहीच. इंडस्ट्री डे (सगळ्या कंपन्यांसाठी खुली बैठक) ठेवला की या, सगळ्यांसमोर विचारा.

रॉकव्हिलकर : सगळ्यांसमोर? म्हणजे स्पर्धकांनाही फुकट शिकवू? धन्य आहे.

दोन_टूक : बघा, आता दार कुणाला बंद हवंय!