शेरलॉक होम्स मुळातच इतका तुसडा होता का?

प्रश्न – ओसरी
बीबीसीच्या 'शेरलॉक'मधला (२०१०) होम्स स्वतःला 'हाय-फंक्शनिंग सोशिओपॅथ' (दुसऱ्यांच्या भावनांची पर्वा नसलेला, पण कामात तल्लख) म्हणवून घेतो. हा स्वभाव मूळ लेखक कॉनन डॉयलनं दिलेला की पटकथाकारांनी? साठच्या साठ कथा न वाचता तुलना करायची तर कुठली कथा कुठल्या भागासोबत घ्यावी?

प्रतिसाद – काजळी
तीन जोड्या पुरतील.

'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) आणि 'अ स्टडी इन पिंक'. तुसडेपणाचं बीज पुस्तकातच आहे. दोघांची गाठ घालून देणारा स्टॅमफर्ड वॉटसनला आधीच बजावतो: हा माणूस मित्रालाही चिमूटभर अल्कलॉइड (वनस्पतीतलं विषारी द्रव्य) देऊन परिणाम बघेल. पण लगेच पुस्ती जोडतो की तो स्वतःही तितक्याच तयारीनं घेईल. मालिकेचा सगळा भर पहिल्या अर्ध्यावर. खुनाच्या जागी सापडलेल्या RACHE या अक्षरांचा, म्हणजे 'राखं'चा, खेळही बघा. पुस्तकात पोलीस 'रेचेल' म्हणतात आणि होम्स जर्मन 'सूड' सांगतो. मालिकेत नेमकं उलटं. लिहिणाऱ्यांना मूळ पाठ होतं, बदल जाणूनबुजून केलेत.

'अ स्कँडल इन बोहेमिया' (१८९१) आणि 'अ स्कँडल इन बेल्ग्रेव्हिया'. कथेत आयरीन अ‍ॅडलर होम्सला चकवून त्याला हव्या असलेल्या फोटोसकट निघून जाते. मालिकेत तो तिच्या फोनचं कुलूप उघडतो आणि वर तिचा जीवही वाचवतो. मला हा बदल मुळीच पटलेला नाही. ती कथा होम्सच्या हरण्यावरच उभी आहे.

सगळ्यात महत्त्वाची जोडी 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' (१९०४) आणि 'हिज लास्ट व्हाउ' (२०१४). कथेत होम्स घरफोडी करतो, ब्लॅकमेलरला एक बाई गोळ्या घालते, आणि होम्स तिजोरीतली पत्रं शेगडीत जाळून गप्प राहतो. मालिकेत कागद नाहीतच, सगळं त्या माणसाच्या डोक्यात. मग जाळणार काय? म्हणून होम्सलाच गोळी झाडावी लागते. कथानकातली एक वस्तू काढली आणि नायक खुनी झाला.

प्रतिसाद – शाई_दौत
यात निवेदक राहिला. साठपैकी छप्पन्न कथा वॉटसन सांगतो, त्यामुळे होम्सचं खोचक बोलणं वॉटसनच्या कौतुकातून गाळून आपल्यापर्यंत येतं. पडद्यावर ती गाळणी नसते. तेच वाक्य कॅमेऱ्यासमोर नुसता उद्धटपणा वाटतं. मग पटकथेला त्या उद्धटपणाचं काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि तिथे 'सोशिओपॅथ'सारखं लेबल येतं. पुस्तकात असलं निदान कुठेच नाही.

प्रतिसाद – उलटतपासणी
दोघांशी सहमत, पण तुम्ही १९०४ला थांबलात. 'द थ्री गॅरिडेब्स' वाचाच. वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते, होम्सचे डोळे पाणावतात आणि तो गुन्हेगाराला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास. ही कथा पहिल्या महायुद्धानंतरची. डॉयलचा मुलगा आणि भाऊ तोवर गेले होते.

याच हळवेपणावरून २०२०मध्ये अमेरिकेत दावा झाला! 'एनोला होम्स' या चित्रपटातला प्रेमळ होम्स १९२३ ते १९२७च्या, तेव्हा तिथे कॉपीराइट असलेल्या कथांमधून उचललाय, असं डॉयलच्या वारसांच्या कंपनीचं म्हणणं. प्रकरण त्याच वर्षी निकालाविना मिटलं. पण 'द यलो फेस' १८९३ची. तिच्यात होम्सचा अंदाज साफ चुकतो आणि तो वॉटसनला सांगतो की पुन्हा शेफारलो तर कानात 'नॉर्बरी' (त्या फसलेल्या प्रकरणाचं ठिकाण) म्हण. म्हणजे नम्र होम्स आधीपासून आहेच.

ओसरी
व्यसनाचं काय? 'एलिमेंटरी' या अमेरिकी मालिकेत तर सगळी सुरुवातच तिथून होते.

प्रतिसाद – काजळी
'द साइन ऑफ फोर' (१८९०) सात टक्के कोकेनच्या द्रावणानं उघडते. तेव्हा ब्रिटनमध्ये ते कायदेशीर होतं, त्यामुळे आक्षेप डॉक्टर म्हणून वॉटसनचा, पोलिसांचा नाही. 'द मिसिंग थ्री-क्वार्टर'मध्ये (१९०४) वॉटसन लिहितो की व्यसन सुटलंय, पण मेलेलं नाही, झोपलंय. 'एलिमेंटरी'नं (२०१२–१९) तेवढं एक वाक्य धरून वॉटसनला बाई केलं आणि होम्सची व्यसनमुक्तीतली सोबतीण बनवलं. वरवर सगळ्यात फटकून असलेली मालिका, पण या बाबतीत मुळाच्या सगळ्यात जवळची.