मदत हवी आहे: कॉन्व्हिक्ट माशांची जोडी बाकीच्यांना जगू देईना

नमस्कार मंडळी. दोन फुटी टाकी आहे, साधारण 55 लिटरची. त्यात कॉन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी, जॅक डेम्पसीचं (हाही सिक्लिडच) एक पिल्लू आणि एक प्लेको (शेवाळ खाणारा, तळाशी राहणारा मासा). जोडी जमल्यापासून नुसता धुमाकूळ चाललाय. मादीने (पोटावरचा केशरी रंग सध्या काय खुललाय!) मडक्यात अंडी घातलीत आणि नर कल्ले फुगवून दिसेल त्याच्या अंगावर जातो. काचेला बोट लावलं तरी धडक. डेम्पसी हीटरमागे अंग चोरून असतो. शेपटी कुरतडलेली, एका बाजूचे खवलेही गेलेत. खायलासुद्धा बाहेर येत नाही.

डेम्पसी पुढे 20 सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, त्यामुळे त्याला ही टाकी पुरणार नाहीच. प्रश्न आत्ताचा आहे. मधे जाळीचं पार्टिशन घालून भागेल, की पलीकडे मासा दिसत राहिल्याने नर आणखी चिडेल? दगडांची मांडणी बदलली की हद्दी मोडतात म्हणे, पण अंडी असताना तसं करावं का? प्लेको रात्री अंड्यांवर ताव मारेल, त्याला आधी हलवू का?

'आणखी मासे टाका, मार वाटला जातो' हा सल्ला कृपया नको. एवढ्याशा पाण्यात माशांच्या घाणीतून होणारा अमोनियाच आधी जीव घेईल.